गव्याची वाट कुणाला ठाऊक? (राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडकडच्यांनी जरूर लिहा)

भोगावतीकाठ
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात, अभयारण्याला लागून. नाव लिहीत नाही, कारण पुढं काही नाजूक गोष्टी निघतील. सव्वाशे उंबरा. वर भात-नाचणी, खाली पाणी पोचतं तिथं ऊस. गवे आम्हाला नवे नाहीत. १९५८ साली दाजीपूरचं रान अभयारण्य झालं ते गव्यांसाठीच. गवा रानात, माणूस गावात अशी एक वहिवाट होती. गेल्या तीन वर्षांत ती मोडली. आता कळप थेट विहिरीजवळच्या उसात उतरतो. मागच्या दिवाळीत आमच्या भावकीतल्या एका काकांना गव्यानं उडवलं. दोन बरगड्या मोडल्या, जीव वाचला.

आम्ही पाच-सहा पोरांनी वर्षभर जागृती केली. तीन फलक रंगवले, शाळेत चित्रकला स्पर्धा घेतली, ग्रामसभेत बोललो. गेल्या महिन्यात ओढ्याच्या अंगाला एकटा नर आला तर चाळीस-पन्नास माणसं जमली. त्यातली दोन पोरं आमच्याच फलकाच्या खांबावर चढून व्हिडिओ काढत होती. फलकावर काय लिहिलंय ते त्या दोघांनाही पाठ होतं. मी नंतर विचारलं, त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं.

तेव्हापासून मला चैन नाही. माहिती असूनही माणूस तसा का वागतो? आणि दुसरं, आमच्या गावात सत्तरी ओलांडलेली दहा-बारा माणसं आहेत, त्यांना रानातली प्रत्येक वाट माहीत आहे. त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नाही. हे ज्ञान कामी आणायचं कसं? माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारं शास्त्र असतं म्हणे, त्याचा आमच्यासारख्या गावाला उपयोग आहे का? ज्यांनी कुठं काही करून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा.


कट_वाढा
सोमवार, रात्री ९:५२

पहिला! विषय लई भारी आहे. जेवून येतो आणि निवांत वाचतो.


पेठकरी
सोमवार, रात्री १०:३०

भावा, मी गर्दीतला माणूस आहे म्हणून लिहितो.

२०२१ च्या डिसेंबरात कोल्हापूरच्या वेशीवर गवे आले होते, आठवत असेल. नदीकाठाला गवा आलाय असं ग्रुपवर पडलं आणि मी गाडीला किक मारली. मागं मित्र. का गेलो? आजही नीट सांगता येत नाही. बघायचं होतं, आणि सगळे निघाले होते. पुढच्या दिवसांत एका तरुण पोराचा जीव गेला. मी तिथं नव्हतो, पण त्याआधी ज्या गर्दीनं त्या जनावराला हैराण केलं त्यात होतो. वर्षभर आधी, २०२० च्या डिसेंबरात, पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता. माणसं मागं लागली, तो धावून धावून थकला, शेवटी पकडला आणि मेला. ती बातमी मी वाचली होती, हळहळलो होतो. तरीही गेलो.

म्हणून माझं स्पष्ट मत, जागृती-बिगृती काही नाही. पोलीस लावा, पहिल्या तासात रस्ता बंद करा, मोबाईल काढला की दंड करा.


सडा_आणि_कारवी
सोमवार, रात्री ११:१५

@पेठकरी, इतकं खरं लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे असं मला वाटतं. "सगळे निघाले होते" हे तुमचं कारण आहे, अज्ञान नाही. मग अज्ञानावरचं औषध देऊन काय होणार?

मी वन्यजीवांवर काम करते, दोन वर्षं पश्चिम घाटात होते. एक साधी गोष्ट सांगते, ती आमच्याकडच्या कुठल्याच फलकावर मी पाहिलेली नाही. गवा चिडला की दर वेळी समोर तोंड करून अंगावर येत नाही. आधी तो आडवा उभा राहतो. मान थोडी खाली, पाठीचा उंचवटा दिसेल असा, अंग फुगवून. "बघ मी केवढा आहे" असं सांगण्याची ती त्याची पद्धत. शहरातल्या माणसाला वाटतं, वा, फोटोला उभा राहिला. गवळी-धनगरांच्या वाड्यावर दहा वर्षांच्या पोरीनं मला मागं ओढलं होतं. म्हणाली, "ताई, त्यो आडवा झालाय, चला." नर हजार किलोपर्यंत भरतो. त्या पोरीला वजन माहीत नव्हतं, वेळ माहीत होती.

स्थानिक ज्ञान म्हणजे मला हे वाटतं. नुसती माहिती नाही, कुठल्या क्षणी काय करायचं ते.

आणि वागण्याच्या अभ्यासाबद्दल. जुन्नरच्या बिबट्यांचं काम सगळ्यांनी वाचावं असं आहे. बिबटे दिसले की लोक पिंजरा मागायचे, मग पकडून ते दूरच्या जंगलात सोडले जायचे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलं की जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होते, आणि पकडून सोडण्याचा धडाका लागल्यावर २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, अकोल्याच्या उसात बिबटे माणसांच्या इतक्या जवळ राहतात की विश्वास बसणार नाही, आणि तिथं माणसांवर हल्ले जवळपास नव्हतेच. म्हणजे प्रश्न जनावराचा कमी आणि आपण घाबरून काय करतो त्याचा जास्त होता.


कट_वाढा
सोमवार, रात्री ११:२८

जेवून आलो. अकोल्यात ऊस??


सडा_आणि_कारवी
सोमवार, रात्री ११:३१

अकोले हो, नगर जिल्ह्यातलं. विदर्भातलं अकोला नव्हे. :)


चंदगडी
मंगळवार, सकाळी ७:०५

आमचा गवा मोठा आहे, त्याला सोंड असते. :)

२००२ च्या सुमारास दांडेलीकडून हत्ती दोडामार्गात उतरले आणि पुढं आमच्या चंदगड-आजऱ्यात आले. आमच्या बापजाद्यांनी हत्ती फक्त जोतिबाच्या यात्रेत नाहीतर सर्कशीत बघितलेला. म्हणजे स्थानिक ज्ञान शून्य. काजू, केळी, ऊस, भात, सगळं मोडलं. पहिल्या वर्षी फटाके लावले, पळाले. दुसऱ्या वर्षी फटाका वाजला की थांबून ऐकायचे. तिसऱ्या वर्षी फटाक्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. मिरचीचा धूर, डबे, बॅटऱ्या, सगळ्याची तीच गत.

शिकलो ते दुसरंच. हत्तीची वाट ठरलेली असते. माझ्या चुलत्यानं चार वर्षं कॅलेंडरवर खुणा केल्या: कुठल्या तिथीला, कुठून कुठं. आता त्या आठवड्यात आम्ही त्या पट्ट्यात माळ्यावर झोपत नाही, आणि मोहाची दारू घरात ठेवत नाही. वासानं भिंत पाडतात. नुकसान थांबलं असं म्हणणार नाही. पण चुलत्याचं ते कॅलेंडर आता आठ गावांत फिरतं. ज्ञान वाडवडिलांचंच असलं पाहिजे असं काही नाही, वीस वर्षांतही तयार होतं.


रंकाळ्यावरची
मंगळवार, सकाळी ९:४०

हत्ती म्हटलं की आमच्या नांदणीच्या मठातल्या माधुरी हत्तिणीची आठवण येतेच. तिला नेलं तेव्हा अख्खा जिल्हा रडला. रानातल्या हत्तीसाठी एवढी माणसं कधी रस्त्यावर येतील का?


पेठकरी
मंगळवार, सकाळी ९:५५

@रंकाळ्यावरची, तो विषय काढू नका, जखम अजून ओली आहे. न्यायालयानं जे केलं ते


संपादक
मंगळवार, सकाळी १०:१०

माधुरीवर वेगळा धागा आहे, तिथं शंभराच्या वर प्रतिसाद आहेत. कृपया तो विषय तिकडं न्यावा. इथं गव्यावर राहू या.


सडा_आणि_कारवी
मंगळवार, सकाळी १०:४५

संपादकांचं मान्य, पण एक ओळ लिहू द्या. रंकाळ्यावरची यांचा प्रश्न अवांतर नाही. माधुरीसाठी लोक आले कारण ती त्यांची होती, तिला नाव होतं, तिच्याशी घरातल्या लग्नामुंजींच्या आठवणी जोडलेल्या होत्या. रानातलं जनावर "आपलं" कसं होतं हाच तर वागण्याच्या अभ्यासातला मोठा प्रश्न आहे. आसामचं उदाहरण संध्याकाळी सविस्तर लिहिते.


निवृत्त_गुरुजी
मंगळवार, दुपारी १२:२०

धागाकर्त्याचे कौतुक. मात्र थोडे विरोधात लिहितो.

गावचे ते सर्व खरे, असे मानण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मी पस्तीस वर्षे भुदरगड-आजऱ्याच्या शाळांत होतो. त्याच वृद्ध मंडळींकडून हेही ऐकले की खवल्या मांजराच्या खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते. खवला म्हणजे आपल्या नखात असते तेच केराटिन. नखाची अंगठी कोणी घालते का? त्या समजुतीपायी आणि तस्करीपायी ते बिचारे जनावर संपत चालले आहे. मांडूळ धरून काळ्या बाजारात विकणारेही गावचेच असतात. तेव्हा ज्ञान आणि समजूत यांची चाळणी हवीच.

नोंद ठेवण्याला कायद्याचा आधार आहे, हे पुष्कळांना माहीत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असावी आणि लोकांनी सांगितलेले लिहून लोक जैवविविधता नोंदवही करावी, असे आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा ध्यास घेतला. वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सत्तरच्या दशकात आपल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या, त्या गावच्या माणसांना विचारूनच. तुमच्या पंचायतीत ती नोंदवही असेल. कपाटातून काढून बघा. अनेक ठिकाणी ती तालुक्याला बसून एका दिवसात भरलेली सापडते. मी दोन पाहिल्या. दोन गावांची पाने शब्दशः सारखी, एका गावात नसलेली नदीसुद्धा तीत होती.


माहेर_गगनबावडा
मंगळवार, दुपारी ३:१०

गुरुजी, चाळणीचं पटलं. पण विचारता कुणाला तेही बघा.

आमच्या माहेरी दोनदा सर्वेक्षणाला माणसं आली. दोन्ही वेळा चावडीवर बसली, पुरुषांशी बोलली, चहा पिऊन गेली. रानात रोज कोण जातं? जळणाला बाया जातात. शिकेकाई, हिरडा, करवंदं बाया आणतात. पहाटे ओढ्यावर बाया. माझी आई चिखलातला खूर बघून सांगते की कळप रात्री गेला की आत्ता, आणि सोबत वासरू आहे का. वासरू असलं की ती त्या दिवशी दुसऱ्या डोंगराला जाते आणि चार घरी सांगून ठेवते. हे चारजणींत रोज चालतं, कुणी त्याला ज्ञान म्हणत नाही. "आज वरच्या अंगाला जाऊ नगासा" एवढंच.

भोगावतीकाठ, तुमच्या त्या दहा-बारा जाणत्यांत बाया किती आहेत?


भोगावतीकाठ
मंगळवार, दुपारी ४:००

@माहेर_गगनबावडा, ताई, एकही नाही. मी यादी केली तेव्हा एकही नाव सुचलं नाही. माझी स्वतःची चुलती रोज रानात जाते. आज रात्रीच तिच्याशी बोलतो.

@गुरुजी, उद्या ग्रामपंचायतीत नोंदवही मागतो.


उसाचा_फड
मंगळवार, सायंकाळी ६:३०

सगळे गव्याबद्दल बोलताय, विजेबद्दल कोण बोलणार?

धागाकर्ते, ते काका किती वाजता बाहेर पडले होते? माझा अंदाज, रात्री नाहीतर पहाटे, मोटर चालू करायला. बरोबर का? आम्हाला शेतीची लाईन आठवड्यात निम्मे दिवस रात्री मिळते. रात्री एकला लाईन आली की एकला उठायचं, अंधारात बांधावरून जायचं. पाण्याची पाळी चुकली तर खोडवा वाळतो. गवाही रात्रीच चरायला उतरतो. मग भेट होणारच. फलकावर लिहिलेलं असतं, रात्री एकटे शेतात जाऊ नका. आम्ही हौसेनं जातो का? "लोक ऐकत नाहीत" असं लिहून अभ्यास संपवतात तेव्हा राग येतो. आमच्या वागण्याचा अभ्यास करायचा तर आधी आमचं वेळापत्रक बघा.


भोगावतीकाठ
मंगळवार, सायंकाळी ७:१५

पहाटे साडेतीन. मोटर चालू करायलाच. हे मी वर लिहिलंही नाही, कारण मला ते कारण वाटलंच नव्हतं.


पेठकरी
मंगळवार, सायंकाळी ७:४०

फड साहेब, हा मुद्दा मला शहरात बसून कधीच सुचला नसता. माझं दंडाचं मत शहराच्या गर्दीपुरतं ठेवतो. मोटर चालू करायला निघालेल्या माणसाला दंड कसला करणार.


सडा_आणि_कारवी
मंगळवार, रात्री ९:००

आसामचं लिहिते म्हटलं होतं.

तिथं हरगिला नावाचा मोठा बगळ्यासारखा, खरं तर करकोच्याच्या कुळातला पक्षी आहे. टकला, कचऱ्यावर जगणारा, घाण वास येणारा. घरटी लोकांच्या खासगी झाडांवर. लोक झाडंच तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक तिथं गेल्या. आधी लोक त्यांच्यावर हसले. त्यांनी हळूहळू फलक सोडून बायकांना धरलं. आपल्याकडं डोहाळजेवण असतं तसा विधी तिथं आहे, तो त्यांनी विणीच्या काळात हरगिल्यासाठी केला. गाणी म्हटली, हातमागाच्या गमछ्यांवर, साड्यांवर हरगिला विणला. आज त्या बायका स्वतःला हरगिला सेना म्हणवतात. २०२२ साली बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा मोठा सन्मान मिळाला. पक्ष्याची माहिती तीच राहिली. तो कुणाच्या घरचा, हे बदललं.

नागालँडचंही आहे. २०१२ च्या हंगामात दोयांग जलाशयावर अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल व्हायची, दिवसाला हजारोंनी. व्हिडिओ बाहेर आले. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, तिथं एकही पक्षी मारला गेला नाही. बाहेरच्यांनी नुसतं रागावून हे झालं नसतं. तिथल्या ग्रामपरिषदांनी स्वतः बंदी घातली, चर्च आणि शाळा सोबत आल्या. जाळी लावणारेच राखण करायला लागले.


गुरांचा_डॉक्टर
मंगळवार, रात्री १०:२०

फार छान चर्चा. माझ्या बाजूनं थोडं.

१९६८ साली निलगिरीकडं मुदुमलाईच्या रानात बुळकांड्या पसरला आणि गवे पटापट मेले. तो रोग पाळीव गुरांचाही. २०११ साली बुळकांड्या जगातून संपल्याचं जाहीर झालं, पण लाळ्या-खुरकूत आहेच, आणि गवा गायीच्याच कुळातला. रानाकडेच्या गावात गुरांचं लसीकरण झालं नाही तर त्याची झळ गव्यालाही बसू शकते. मी सडा-वाड्यांवर लस घेऊन जातो तेव्हा पहिल्यांदा दारं बंद असतात. एका वाड्यावर म्हातारीनं सांगितलं, "मागं सुई मारली आणि दूध आटलं." मी वाद घातला नाही. लस दिल्यावर चार दिवस दूध थोडं कमी होऊ शकतं, हे मान्य केलं आणि ते आधीच सांगून ठेवायला लागलो. आता ती म्हातारी इतरांना सांगते, "चार दिस कमी ईल, मग येतंय." तिचं म्हणणं खोटं ठरवत बसलो असतो तर आजही लस पिशवीतच राहिली असती.

आणि एक सांगतो. गव्याबद्दल, पारधीबद्दल, वणवा कोण लावतो त्याबद्दल लोक लसीकरणाच्या दिवशी जेवढं बोलतात तेवढं कुठल्याही सभेत बोलत नाहीत.


अंक_मोजणारा
बुधवार, सकाळी ८:१५

पारधीचा विषय निघाला म्हणून. शिमग्याला आमच्या बाजूला आजही काही ठिकाणी पारध निघते. सरळ विचारलं तर कोण हो म्हणणार? गुन्हा आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं (सर्वाधिक संरक्षण असलेलं) जनावर असेल तर मोठा गुन्हा. अशा प्रश्नांसाठी एक युक्ती आहे, १९६५ सालापासून त्या जातीच्या पद्धती वापरात आहेत, आणि वन्यजीवांच्या अभ्यासातही वापरतात.

समोरच्याच्या हातात फासा द्यायचा. तो आडोशाला टाकतो, आपण बघायचं नाही. एक पडला तर काहीही असो, "हो" म्हणायचं. सहा पडला तर "नाही" म्हणायचं. दोन ते पाच पडले तर खरं उत्तर. आता कुणी "हो" म्हणालं तर ते फाशामुळं की खरंच, हे मला कळत नाही. पोलिसालाही कळणार नाही. पण गावाचा हिशेब लागतो. समजा १२० जणांना विचारलं. वीसजण फाशामुळं हो म्हणणार, वीसजण फाशामुळं नाही, उरले ८० खरं बोलणारे. एकूण ३६ "हो" आले तर वीस वजा करा. सोळा उरले. ८० पैकी १६, म्हणजे पाचांत एक. कुणाचंही नाव न घेता गावाचं खरं चित्र मिळालं.


कट_वाढा
बुधवार, सकाळी ८:४०

आमच्या गल्लीत फासा हातात दिला तर आधी डाव मांडतील, मग सर्वेक्षण. :) पण युक्ती लई आवडली. नाद खुळा.


निवृत्त_गुरुजी
बुधवार, सकाळी ९:३०

गणित उत्तम. परंतु फासा पाहिला की आमच्याकडील वृद्ध मंडळी म्हणतील, देवाचा कौल लावताय काय. आधी नीट समजावून द्यावे लागेल. शिवाय लोकांनी खरे सांगितले आणि पुढे त्याच माहितीवरून छापा पडला, तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. माहिती कोणाकडे राहील हे गावासमोर आधी ठरवा.


चंदगडी
बुधवार, सकाळी १०:००

गुरुजींना १०० टक्के अनुमोदन. चुलत्याच्या कॅलेंडरच्या प्रती मागायला बाहेरची माणसं येतात. आम्ही आठवड्याचा अंदाज देतो, नेमक्या वाटा देत नाही. वाट कळली की गाड्या भरून फोटोवाले येतात.


तांबडा_पांढरा
बुधवार, सायंकाळी ७:५०

मी पेठेतला, सध्या अमेरिकेत. फलकांबद्दल इथला एक प्रयोग सांगतो, भोगावतीकाठ यांच्या कामाचा आहे.

ॲरिझोनात एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेत. लोक खिशात घालून नेतात. सियाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं वाटेवर खुणा केलेले तुकडे टाकले आणि दोन तऱ्हेचे फलक लावले. एकावर आशय असा की आजवर पुष्कळ लोकांनी तुकडे नेले आणि त्यामुळं उद्यानाचं रूप बिघडलं. दुसऱ्यावर साधं, कृपया नेऊ नका. पहिला फलक होता तेव्हा जवळपास ८ टक्के तुकडे गेले. दुसऱ्याला २ टक्क्यांहून कमी. "सगळे नेतात" हे वाचून माणूस म्हणतो, मग मीही नेतो.

आता तुमचे फलक आठवा. "गवा दिसताच लोक गर्दी करतात, फोटो काढतात" असं तर लिहिलं नव्हतं ना?


भोगावतीकाठ
बुधवार, रात्री ८:३०

अगदी तेच लिहिलं होतं. "गवा दिसताच नागरिक मोठ्या संख्येने गर्दी करतात, हे धोकादायक आहे." वर गर्दीचं चित्रही काढलं होतं, त्यात मोबाईल घेतलेली पोरं.

उद्या तो फलक उतरवतो. ताईंनी सांगितलेलं "आडवा झाला की मागं फिरा" एवढंच लिहायचं का? आणि आडव्या गव्याचं चित्र?


सडा_आणि_कारवी
बुधवार, रात्री ८:५५

हो! आणि चित्र त्या खांबावर चढलेल्या दोघांकडून काढून घ्या. सांगतानाही "गर्दी करू नका" ऐवजी "आमच्या गावची माणसं ओढ्याच्या अलीकडं थांबतात" असं लिहा. आमच्या गावात असं करतात, यात फार जोर असतो. फक्त ते खरं हवं, खोटं लिहू नका. आधी निदान दहा घरांनी तसं ठरवलं पाहिजे.


भोगावतीकाठ
रविवार, दुपारी २:१०

चार दिवस गायब होतो, क्षमस्व. बरंच घडलंय.

ग्रामपंचायतीत नोंदवही मिळाली. गुरुजी म्हणाले तसंच, आमच्या रानात नसलेली झाडं तीत आहेत आणि गव्यावर दीड ओळ. कोऱ्या वहीत पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलंय.

चुलतीशी बोललो. तिनं आणि आणखी तिघींनी मला वर नेलं, धनगरवाड्यावरच्या एका मामांकडं. वय ऐंशीच्या पुढं. मी विचारलं, मामा, गवे खाली का यायला लागले? मी मनात तीन उत्तरं धरून गेलो होतो: संख्या वाढली, रानात गवत कमी झालं, उसाची चटक लागली. मामांनी चुलीतला कोळसा घेतला आणि सारवलेल्या जमिनीवर रेघा ओढल्या. ही डोंगराची सोंड, हा वरचा सपाट सडा, इथं मिठाचं चाटण, इथं बारमाही झरा. कळप उन्हाळ्याच्या तोंडाला सड्यावरून खिंडीतून झऱ्यावर यायचा आणि तसाच माघारी जायचा. मग त्यांनी खिंडीच्या तोंडाला आडवी रेघ मारली. तिथं तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या कुणीतरी जमीन घेतली आणि पार ओढ्यापर्यंत जाळीचं कुंपण घातलं. "वाट बंद झाली. मग त्यो कुठनं जाणार? पाणंदीनं." ती पाणंद सरळ आमच्या विहिरीवर उतरते.

चुलती शांतपणे म्हणाली, हे आम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी सभा घेतलीसा, बोललासा. इचारलं कुठं?"

घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.


उसाचा_फड
रविवार, दुपारी २:४०

अंगावर काटा आला. तीन वर्षांपूर्वी कुंपण, तीन वर्षांपासून गवे. हिशेब जुळला.


अंक_मोजणारा
रविवार, दुपारी ३:०५

मामांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, लगेच जुळला म्हणू नका. तीन वर्षांत आणखी काय बदललं? खाली उसाचं क्षेत्र वाढलं का? पाइपलाइन नवी आली का? मामांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता मला मोठी वाटते, पण कुंपणाच्या मालकाकडं किंवा वनखात्याकडं जाताना हातात नोंदी असल्या तर तुमचं म्हणणं टिकेल. कुंपणाच्या कडेनं खूर फिरलेत का, माघारी वळलेत का, हे बघता येईल.


माहेर_गगनबावडा
रविवार, दुपारी ३:३०

ते सोपं आहे. कुंपणाच्या बाहेरून हातभर रुंदीची माती कुदळून मऊ करा, संध्याकाळी पाणी शिंपडा. सकाळी उजाडताना बघा. एक पट्टा पाणंदीच्या तोंडाला, एक सड्यावर. खूर कुठल्या दिशेला, मोठा की वासराचा, हे चुलतीच वाचतील. पोरांना फक्त लिहायला आणि फोटो काढायला ठेवा. मोबाईलचा कामी उपयोग होईल.


निवृत्त_गुरुजी
रविवार, सायंकाळी ५:००

वहीत सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच लिहा, आणि चुलती व त्यांच्या सोबतिणींचे नाव मामांच्या बरोबरीने येऊ द्या. चाळणी हवी असे मी म्हटले होते. मातीचा ओला पट्टा ही उत्तम चाळणी आहे.


पेठकरी
रविवार, सायंकाळी ५:४५

कुंपणाच्या मालकाशी भांडायच्या आधी बोला. कदाचित त्यालाही कुणी काही सांगितलं नसेल. खिंडीपुरती जाळी मागं घ्यायला तयार झाला तर खांब हलवायला कोल्हापुरातनं दहा पोरं आणायची जबाबदारी माझी.


भोगावतीकाठ
रविवार, रात्री ९:२०

ठरलं. पुढच्या रविवारपासून तीन ठिकाणी ओला पट्टा, रोज सकाळी नोंद, पाऊस लागेपर्यंत. खूर वाचायला चुलती आणि तिघी. काकांच्या शेताकडं रात्री मोटर चालू करायला दोघांनी मिळून जायचं, बारा घरांनी पाळ्या लावून घेतल्यात. फासा सध्या नको, गुरुजींची शंका मला पटली. आधी विश्वास बसू दे. खांबावर चढलेल्या दोघांपैकी एकानं आडव्या गव्याचं चित्र काढून दिलंय, लई झकास आलंय. मामांना दाखवलं तर म्हणाले, शिंग जरा आत वळव.


माहेर_गगनबावडा
रविवार, रात्री ९:४५

माझी आई विचारतेय, पट्ट्याची माती काळी की तांबडी? तांबडीत खूर लवकर विस्कटतो, थोडी राख मिसळा म्हणते. पुढच्या रविवारी तिला घेऊन येऊ का? गगनबावड्याहून पहिली एसटी धरली तर तुमच्याकडं किती वाजता पोचू?